लाल शाईतलं भाषण

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं इंग्लंडमधल्या बार्न्सली गावात बसच्या रांगेत उभे होतो. पुढे एक बाप लेकीच्या लग्नात करायचं भाषण तिलाच वाचून दाखवत होता.

“‘आय वेअर’ नाही डॅडी, ‘आय वॉज’.”

“इथं सगळे असंच बोलतात.”

“सासरचे इथले नाहीत. हसतील.”

“हसू देत. लग्नच आहे.”

“डॅडी, प्लीज.”

“मग घसा बसलाय म्हणून सांग माझा.”

मी सारखी घड्याळ बघत होते. बाबा म्हणाले, “येईल गं बस.”

अंत्यविधीला मी बोलायला उठले.

“माझ्या लग्नात बाबांचा घसा बसला नव्हता. त्यांचं भाषण मी लाल शाईनं खोडलं होतं.”