आखरीच्या चरनातला नाव

माजा जनम नवेगाव बांधचा जी. बाप तलावात मासोऱ्या धरे अना पावसात लोकाइच्या धानात राबे, अना मले लहानपनापासून गान्याचा नाद, काय सांगू तुमाले, चिखलात उभा राहून गाने जोडो, बाप मने, अबे धानाचा रोवना कर, गाना का खाशीन?

मंग दवनीवाड्याच्या बुवाजवर गाना शिकाले गेलो, त्याइच्या घरीच राहिलो. बुवा दंडारीचे कवी. दंडार मंजे आमचा नाच-गान्याचा खेळ, दिवारीनंतर गावोगाव मंडई मंजे जत्रा भरते, तिथं होते. आमच्यात रीत अशी का गाना चेला बनवन, पन आखरीच्या चरनात नाव गुरूचा. बुवा थकले होते, गाने सारे मीच बनवो, सारे, अना बुवा आयकून रडत. एक डाव मनाले, आता तुजा नाव टाक रे. मी कान धरलो, मनलो, तुमी हायेत तवरी नाई जी. काऊन नाई टाकलो बाप्पा? ते सोताच मनत होते, तरी काऊन नाई टाकलो?

बुवा गेले. त्याइच्या पोरानं गाने गोंदियाच्या एका छापखान्याले देऊन टाकले. मंडईत पुस्तक इकून राहिले, वरतं नाव बुवाचा, अंदर माजेच गाने. आंगाची आग झाली ना जी!

गेलो गोंदियाले वकिलाकडे. तो मने, देखो भाई, गाना उसका जिसने बनाया, दर्ज कराओ न कराओ, और तुमने लिखके नहीं दिया तो हक तुम्हारा ही है. मले का हरिक झाला! मंग त्यानं आखरीचा चरन वाचला. मने, लेकिन नाम तो गुरु का है, कोर्ट पहले उसी को मानेगी, गुरु के घर से कोई गवाह लाओ.

मंजे माय, बुवाची बुढी बायको. तिच्या हातचा भात खाऊन मी वाढलो. गेलो, सांगतलो. ती मनाली, बापू, मी खराच बोलीन, कोर्टातबी बोलीन, पन मंग त्याइचा मनून लोक कोनता गाना गातीन?

पाय पडलो अना घरी आलो. वकिलाकडे मंग गेलोच नाई. लय दुखते जी, खोटा कायले बोलू, आजबी दुखते.

औंदा मंडईत पोट्टे माजाच गाना गाऊन राहिले होते. मीबी संगं गाऊ लागलो, एक शबुद मले मागून बरा सुचला होता तो टाकलो. तं म्होरक्या थांबला, मनला, आजा, चुकले तुमी, बुवाच्या पुस्तकात असा नाई.

मंग मी पुस्तकात हाये तसाच गायलो. गाऊन राहा मनलो बेटा, सुखी राहा.