किनाऱ्यालगत नंतर पाऊस

नाही नाही, त्या खुर्चीत नको बसूस, तिचा पाय लटपटतो — ती मी चर्चच्या बायकांसाठी ठेवलीय, लवकर उठतात मग. तू इथं बस, चुलीजवळ. बरं, धुरांड्याचं काय निघालं? काही नाही? असं कसं काही नाही, हॅरिस, सकाळी झडप जागची हलत नव्हती, दोन्ही हातांनी ओढून पाहिली मी. आता हलते? मग तुला घाबरली असेल. माझ्या घरातल्या वस्तू अशाच, तू आलास की शहाण्या होतात. मागच्या वादळाला नळ गळत होता, तू पाना घेऊन आलास तर थेंब नाही. त्याच्या आधी ते तळघराचं दार — हसलास. हसलास तू. मिशीखाली हसलास की मला कळतं, ती मिशी फुटायच्या आधीपासून ओळखते मी तुला. आणि गाडी कुठं लावलीस? खुराड्यामागं, नेहमीसारखी? बरं केलंस. वाऱ्याला आडोसा आहे तिथं. आणि रस्त्यावरून दिसत नाही — म्हणजे, दिसली तरी काय, धुरांडं बघायला आलेला माणूस, पण लोकांना उगाच बोलायला विषय कशाला द्या.

बघ, बर्फ पडणं सुरू झालं. खिडकीतून बघ, खांबावरच्या दिव्याखाली छान दिसतंय. दुपारच्या बातम्यांत ऐकलंस ना ती लाल कोटवाली काय म्हणाली? बर्फाचा इशारा, वाऱ्याचा इशारा, यार्मथपासून हॅलिफॅक्सपर्यंत सगळा किनारा रंगवून ठेवला होता बाईनं. तीस ते चाळीस सेंटिमीटर. मी इथं टेबलाशी उभी होते, हातात वाटाणे, माझा जीव कसा सुपाएवढा झाला — आणि मग हसतहसत, जाताजाता, शेपूट लावलंच तिनं. ‘किनाऱ्यालगत नंतर पाऊस.’ हे शेपूट चावतं मला. नकाशावर ती रेघ ओढते ना, इकडं बर्फ, तिकडं पाऊस, ती रेघ दरवेळी बरोबर माझ्या कोंबड्यांच्या डोक्यावरून जाते. लुनेनबर्गला गुडघाभर बर्फ आणि माझ्या दारात चिखल. या हिवाळ्यात जेवढे इशारे आले तेवढ्यांचा हाच निकाल. मी आपली टबात पाणी भरून ठेवते, वीज गेली की विहिरीचा पंप बंद म्हणून, मेणबत्त्या काढते, सूप चढवते, तुला फोन करते — म्हणजे काही बिघडलं असेल तर करते — आणि सूप दाट व्हायच्या आत पागोळ्या लागतात. तू टोपी घालतोस, ‘निघतो एल्वा’ म्हणतोस, आणि मी टबाचं बूच काढते. एवढं पाणी मी जन्मात वाया घालवलं नव्हतं.

घे, वेफर्स घे. अरे घे, वादळात वेफर्स खायचे नाहीत तर कधी खायचे, दुकानात मारामारी चालली होती त्यांच्यावर. दोन जाणत्या बाया, एक तर आपल्या भजनाच्या गटातली, खारट वेफर्सच्या शेवटच्या पिशवीवरून एकमेकींना ढकलत होत्या — दूध राहिलं बाजूला, पाव राहिला बाजूला. मला मिळाले हे केचपवाले. हो, तुझेच. मला? छे, माझी जीभ सोलून निघते त्यांनी. तेवढेच उरले होते म्हणून आणले. — असं बघू नकोस. बरं, साधेही होते. त्या दोघी ज्यावरून भांडत होत्या ती पिशवी मला मिळाली असती, हात लांबच आहे माझा. पण तू आलास तर तुझ्या आवडीचं काहीतरी असावं. म्हणजे कुणीही आलं तरी असावं.

कारण कसं आहे, वादळात घरात माणूस असणं चांगलं असतं. आणि आपल्याकडं रीतच आहे की नाही — बर्फ सुरू होताना ज्याचे बूट तुमच्या दाराशी, तो तुमचा पाहुणा, रस्ता मोकळा होईपर्यंत. त्याला कुणी बाहेर काढत नाही आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपले पाद्रीबाबाच आठव ना, त्या लोन्स बहिणींकडं अडकले होते. दोघी अविवाहित, दोघी त्यांच्यावर लट्टू, तीन दिवस पत्ते कुटत बसले तिघं, बाबांनी म्हणे त्यांच्या वडिलांचा रात्रीचा सदरा घातला. कुणी एक शब्द काढला? नाही. वादळात अडकले, झालं. आणि तो बेसिल, बिचारा, मे महिन्यातली स्वच्छ कोरडी रात्र, थेल्माच्या दारात त्याची गाडी राहिली काय — म्हणे बॅटरी उतरली — रविवारच्या प्रार्थनेला लोक तिला विचारत होते, लग्नाच्या जेवणात टर्की ठेवणार की हॅम. आता सुखात आहेत ते दोघं, तो भाग वेगळा. पण सांगायचं एवढंच, की बर्फ पडला तर माणसाला काही बोलावं लागत नाही. ना त्याला, ना हिला. बर्फच सगळं बोलतो.

तू वेफर्स खातोस की नुसता पिशवीत हात घालून बसलायस?

शनिवारी येते ना तुझी लेक, कॉलीन, तुला न्यायला? खोकी घेऊनच येते म्हणाली असेल. पोरगी कामाची आहे, मी नाही म्हणत नाही. कॅलगरीत तिचं मोठं घर आहे, तुला तळघरात खोली, वेगळी न्हाणी, गुडघ्याचा डॉक्टर गल्लीत. उत्तम. पण एक विचारते — तिथं समुद्र कुठाय? सकाळी उठून बघणार कशाकडं, शेजाऱ्याच्या कुंपणाकडं? मासे येतात तिथं गोठवलेले, विटेसारखे. आणि हे माझं हिरव्या टोमॅटोचं लोणचं विमानात नेऊ देत नाहीत, मी चौकशी केलीय. — सहज केली. पण तुझं आयुष्य, तू ठरव. मी कोण? माझा वर्नन गेला, मग तुझी मर्टल गेली, मागं उरलो शेजारी-शेजारी, तू माझं कुंपण दुरुस्त करतोस, मी तुला काकवीचा पाव देते. यात ‘राहा’ म्हणायचा हक्क कुठून येतो? आणि म्हणायचं म्हटलं तरी — बघ ना, माझं तोंड दिवसभर चालतं, पोस्टाची बाई पत्र फेकून पळते मला बघून, पण हा एवढासा शब्द आला की तोंडाला कुलूप. तुझं तर विचारूच नको. तू मर्टलला लग्नाचं विचारलंस तेसुद्धा तिनंच विचारलं होतं, मला सांगितलंय तिनं.

म्हणून आपला बर्फ बरा, असं मला वाटत होतं. एकदा का नीट अडकलास, एक रात्र, उद्याची सकाळ, उद्याची दुपार — दुपारच्या आत तर ड्वाइट काही त्याचं बर्फ लोटायचं यंत्र घेऊन इकडं येत नाही — एवढ्या वेळात माणसाच्या तोंडून काहीतरी निघेलच की. कुणाच्याही.

काय? ड्वाइट दुपारच्या आत येत नाही हे मला कसं ठाऊक? मावशी आहे मी त्याची. आणि त्याचा नेहमीचा — बरं. बरं, हॅरिस, भुवया खाली घे. मी सांगितलं त्याला. आधी बंदराचा रस्ता कर, मग शाळेचा, मग दवाखान्याचा, आमची गल्ली सगळ्यांच्या शेवटी. गावाच्या भल्यासाठीच सांगितलं. त्यानं विचारलं, मावशी, तू तर दरवर्षी पहिल्यांदा भांडतेस, यंदा काय झालं? मी म्हटलं, यंदा मला घाई नाही. सफरचंदाचा केक दिला त्याला, गप्प बसायला. आख्खा. आणि वरची खोली गरम करून ठेवलीय, ती काही तुझ्यासाठी नाही, खोल्या अधूनमधून गरम कराव्यात, ओल धरतात. आणि पलंगावर तो सदरा दिसेल, इस्त्रीचा, तो वर्ननचा आहे, कपाट आवरताना सापडला आणि इस्त्री तापलेलीच होती, म्हणून.

मी फार बोलते. मला थांबवत जा ना कुणीतरी.

— थांब. चुलीत लाकूड टाकू नकोस जरा. ऐक. काचेवर. टकटक होतंय ना? वाळूसारखं? गारा असतील बारीक, काही नाही, वारा फिरला की पुन्हा — सरक, मला बघू दे. मघाशी केवढाले पुंजके पडत होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, मोठा बर्फ ओला असतो. दिव्याखाली बघ. तिरक्या रेघा. पागोळी लागली. हॅरिस, पाऊस आहे. अंगणात एवढंही पांढरं राहिलं नाही, रस्ता काळाभोर झाला, माझी कोंबडीसुद्धा घसरणार नाही त्याच्यावर. त्या लाल कोटवालीचं — जाऊ दे, तिला तरी काय बोलायचं, तिनं सांगितलंच होतं. मीच अर्धं ऐकते दरवेळी.

ऊठ. जा आता, रस्ता मोकळा आहे तोवर जा, मागाहून गोठेल. नाही, सूप इथं नको खाऊस, बरणीत घालून देते, घरी गरम कर. पावसात कुणी पाहुणा होत नसतो. ही घे टोपी. मफलर नीट गुंडाळ, बाहेर वारं आहे. आणि शनिवारी खोकी भरायला हात लागला तर कॉलीनला सांग मला बोलवायला — नको, नको सांगूस. मी येणार नाही. मला नाही बघवणार ते, हॅरिस. झालं, बोलले. आता जा, मला टबाचं बूच काढायचंय.

किती वेळ बूट घालतोयस. जा.

गेला — अरे, बरणी. बरणी विसरलास. हॅरिस! सूप! — हा काय, गाडी सुरू केली, ऐकू जाणार नाही आता. थांब म्हटलं ना, मी येते दारापर्यंत — अरे, फाटक डावीकडं आहे. डावीकडं! चाळीस हजार वेळा आलायस या अंगणात. कुठं वळवतोयस? दिव्याखाली नको आणूस गाडी, पुढं रस्ता नाही तिथं, माझ्या पायऱ्या आहेत. थांबलास का? बिघडली का? हे बघ, तिथं उभी केलीस तर सकाळी शाळेची बस जाते समोरून, भरलेली, आणि पोस्टाची बाई, आणि ड्वाइट मोकळ्या रस्त्यावरून नुसता फेरी मारायला येईल, केक खाल्लाय त्यानं, त्याला सगळं — मागं घे, खुराड्यामागं लाव निदान. हॅरिस? दिवे का मालवलेस?

किल्ली खिशात घातलीस.

पाऊस पडतोय, हॅरिस. साधा पाऊस. उद्या विचारलं लोकांनी, तर मी काय सांगू? कॉलीनला काय सांगू? नाही, आता तू बोल, कधी नव्हे ते बोल काहीतरी, मी गप्प बसते, बघ, बसलेच —

बरं. नको बोलूस. बूट दाराशी काढ, लादी पुसलीय मी.