पाचूच्या छातीवरचं जास्वंद

मंडळी, एक विचारू? ज्याच्यावर जीव आहे, त्याला निरोप द्यायची आपल्याला एवढी घाई का असते? सरसावून बसा — ऐका!

निफाडात नरहरी तांबट राहायचे. मूलबाळ नाही. घरात ते, त्यांच्या बायको सुभद्राकाकू, आणि तिसरा पाचू! पाचू कोण? इग्वाना! परदेशी हिरवा सरडा — शेपटीसकट तीन हात लांब! सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना? याची धाव सुभद्राकाकूंच्या मेथीच्या जुडीपर्यंत!

"अहो, आवरा तुमच्या लेकाला!" काकू ओरडायच्या.

नरहरींनी जास्वंद दाखवलं, की स्वारी मान डोलवत मांडीवर! गळ्याखाली खाजवलं की डोळे मिटायची. नऊ वर्षांचा लळा, मंडळी!

पौषात एकदा रात्रभर वीज गेली. पाचूच्या उबेचा दिवा विझला — नऊ वर्षांत पहिल्यांदा. सकाळी पाहतात तो काय! पाचू ताठ! अंग लाकडासारखं! आणि त्याच दिवशी घरात सत्यनारायण! घरात मढं असताना चूल पेटवायची कशी? प्रसादाचा शिरा व्हायचा कसा?

काकू म्हणाल्या, "अहो, जरा उन्हात ठेवून बघू या ना..."

"गेलेल्याला कसलं ऊन दाखवतेस? गुरुजी नऊला येतील!"

रडत रडतच खणलं हो परसात! छातीवर जास्वंद ठेवलं. वर माती लोटली.

दुपारी प्रसादाला गुरांचे डॉक्टर आले. ऐकलं, आणि हातातला द्रोण तसाच राहिला.

"तांबटकाका... थंडीनं हा प्राणी असाच ताठतो. ऊन दाखवलं होतंत का?"

नरहरी धावले! नखांनी माती उपसली! पाचू होता — पण कुशीवर वळलेला. आता खरंच गेलेला. आणि जास्वंद?

अर्धं खाल्लेलं!

*थंडीनं निजला जीव, उन्हाची वाट पाही*
*घाईच्या हातांना बाई, धीर धरवत नाही!*

नरहरी रोज उन्हात बसतात अजून. मांडी रिकामी.

सरड्याची गोष्ट म्हणून हसून सोडू नका, बाबांनो! "भाऊ मला मेला!" — भांडणात कोण म्हणालं होतं? पुढे बसलेल्या वहिनी, खाली काय बघता? मेलाय तो, की नुसता गारठलाय? घरी जाताना त्याच्या दारावरून जा. हातात फार काही नको —

एक जास्वंद पुरे!