वरच्या चार ओळी तशाच ठेवाव्यात

नाव हिंदुराव केरबा सरतापे, वय एकोणसाठ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी एस.टी.त चालक, राहणार दहिवडीजवळ, तालुका माण, जिल्हा सातारा.

मी आज सांगली येथे पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून, समक्ष सांगतो की, वरील ठिकाणी मी व पत्नी लक्ष्मीबाई असे दोघे राहतो. मुलगी अक्षता ही साताऱ्यात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते व तेथेच राहते. माझा मुलगा मयत प्रबुद्ध हा सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. सन १९९८ च्या ऑगस्ट महिन्यात त्याला कावीळ झाली. ती अंगात मुरली होती हे आम्हाला उशिरा कळले. तो सांगलीतच दवाखान्यात वारला. त्या वेळी मी त्याच्या उशाशी होतो.

माझ्याविरुद्ध अर्ज देणारा शिवतेज लालासाहेब रणवरे, मूळ राहणार फलटण तालुका, याला मी चांगला ओळखतो. तो व प्रबुद्ध एका खोलीत राहत. सुट्टीत तो आमच्याकडे येई. त्यांच्याकडे बारमाही ऊस आणि आमच्याकडे कुसळे, तरी पोराने आमच्या ताटाला कधी नाव ठेवले नाही, हे त्याच्या बाजूचे म्हणून सांगितले पाहिजे. आता त्याचा सांगलीत कॉम्प्युटरचा धंदा आहे व तो लोकांना वेबसाइट करून देतो. गेलेल्या मित्राच्या नावाने आपल्याला मेल येतात व त्यामुळे जिवाची भीती वाटते, असे त्याने अर्जात लिहिले आहे. ते मेल मी पाठवले. यात भुताखेताचा काही संबंध नाही.

साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, प्रबुद्धने कॉलेजात असताना एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे वेबसाइटच्या पानात चिकटवायचा मजकूर. तो बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरचे घड्याळ पाहतो आणि पानाच्या डोक्यावर एक पट्टी दाखवतो. त्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या बोलीत शब्द येतात. सकाळी ‘च्या झाला का’, दुपारी ‘जेवलासा का’ आणि दिवेलागणीला ‘दिवं लागलं, या घरात’. ही सगळी त्याच्या आईची बोलणी आहेत. ती त्याने जशीच्या तशी उचलली.

ही स्क्रिप्ट त्याने इंटरनेटवर फुकट ठेवली होती. कोणीही घ्यावी, कोणत्याही साइटवर लावावी, पण त्याला अटी होत्या. अक्षताने त्या मला मराठीत सांगितल्या. पहिली, स्क्रिप्ट विकू नये. दुसरी, सुरुवातीच्या चार ओळी तशाच ठेवाव्यात, त्यातले अक्षरही हलवू नये. त्या ओळींत त्याचे नाव, गाव आणि मेलचा पत्ता आहे. या ओळी पानावर दिसत नाहीत, पान मागून उघडले तरच दिसतात. तिसरी, कुठे लावली ते मेल करून कळवावे. आणि शेवटी त्याने लिहिले होते, जो कळवील त्याला मी स्वतः उत्तर देईन.

प्रबुद्ध गेल्यावर आम्ही त्याचे सामान आणले, पण हे सामान आणता येण्यासारखे नव्हते. ते होते तिथेच राहिले आणि लोक घेत राहिले. दिवाळीनंतर अक्षताने त्याची मेलपेटी उघडली, पासवर्ड तिला माहीत होता. तर आत ब्राझील देशातल्या एका शाळामास्तरचा मेल. त्याने शाळेच्या पानावर पट्टी लावली होती व अटीप्रमाणे कळवीत होता. प्रिय प्रबुद्ध, तू बरा आहेस ना, असे वर लिहिले होते.

अक्षता म्हणाली, “आबा, दादा न्हाई म्हणून कळवू का?” मी नको म्हणालो. मी म्हणालो, “ल्ही, धन्यवाद, वरच्या ओळी तशाच ठेवा. आन खाली त्याचं नाव घाल.” ती म्हणाली, “हे बरोबर न्हाई, आबा.” मी तिला म्हणालो की, गाडीला दहिवडी-सांगली पाटी लावली की ती सांगलीला गेली पाहिजे. वाटेत डायव्हर बदलला तरी पाटी कुणी काढत नाही. त्याने उत्तर देईन म्हणून सांगितले आहे, तर ते गेले पाहिजे. पोरीने डोळे पुसले आणि लिहिले.

तेव्हापासून मी रविवारी साताऱ्याला जातो. आधी अक्षता लिहून देत असे, पुढे मी एका बोटाने लिहायला शिकलो. लोकांची पाने उघडून बघण्याचाही मला नाद लागला. कुठल्या कुठल्या मुलखातले लोक, पण बऱ्याच जणांनी आमची बोलणी बदललेली नाहीत. कानाला गोड वाटतात, असे एका बाईने कळवले होते. बर्फाने भरलेल्या कुठल्याशा गावाचे पान उघडावे आणि वर ‘जेवलासा का’ यावे. क्लासमध्ये दुपारी कुणी नसायचे. मी मान खाली घालायचो आणि व्हय म्हणायचो. हे मी अक्षताला सांगितलेले नाही, इथे विचारले म्हणून सांगतो.

पत्नीला एकदा दाखवायला नेले होते. तिला वाचता येत नाही, अक्षताने वाचून दाखवले. ती पडद्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “आवं, ह्यो सवाल माझा हाय. म्या त्याला इचारायची. आता त्योच समद्या जगाला इचारत सुटलाय, आन त्याला कोन इचारतंय?” त्यानंतर ती साताऱ्याला आली नाही. रविवारी मी परत आलो की मात्र ती विचारते, “आज कुठं कुठं हुता त्यो?” मी गावांची नावे सांगतो.

यंदा आषाढात अक्षताने द्राक्षबागायतदारांची एक साइट उघडली. सांजवेळ होती. वर पट्टी आली, ‘दिवं लागलं, या घरात’. अक्षताचा हात थांबला. तिने पान मागून उघडले. वरच्या चार ओळी नव्हत्या. त्या जागी दुसऱ्या कुणाचे नावही नव्हते, जागा तशीच मोकळी ठेवली होती. पानाच्या तळाला साइट करणाऱ्याचे नाव होते, शिवतेज रणवरे, सांगली. परक्याने केले असते तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ज्या खोलीत बसून ती स्क्रिप्ट लिहिली, त्याच खोलीतल्या पोराने नाव पुसावे, हे माझ्या फार जिव्हारी लागले.

मी त्याला मेल केला. ‘तू वरच्या ओळी काढल्यास. अट वाच. परत घाल. प्रबुद्ध.’ एवढेच. उत्तर आले नाही. मग दुसरा केला, त्यात तेच लिहिले. तिसऱ्यात ‘गड्या, बोलत का न्हाईस’ असे लिहिले. प्रबुद्ध त्याला गड्या म्हणत असे. यात धमकी कुठेही नाही, अटीत होते तेवढेच मी मागितले.

फोन का केला नाही, असे साहेबांनी विचारले. फोन केला असता तर हिंदुराव बोलला असता. नाव हिंदुरावचे गेलेले नव्हते.

फुकट वाटलेली वस्तू घेतली तर त्यात गुन्हा काय, असेही त्यांनी विचारले. कायद्यात काय आहे मला माहीत नाही. स्टँडवर पाणपोई असते, तिचे पाणी फुकटच असते. पण पाणी पिऊन जाताना पाणपोईवरचे नाव कुणी खरवडून जात नाही.

त्या मेलचा शिवतेजवर काय परिणाम झाला हे मला आज सकाळी कळले. ठाण्याच्या दारात त्याची आई बनुबाई भेटली. तिने सांगितले की, पोरगा अन्नाला शिवत नाही, दिवस मावळायच्या आत दुकान बंद करतो. तिने त्याला देवऋषाकडे नेले. देवऋषाने कॉम्प्युटरला लिंबू बांधायला सांगितले, ते बांधले, तरी मेल आलाच. ती माझ्यावर ओरडली नाही. “भावजी, तुमचं लेकरू गेलं, माझं तरी ऱ्हाऊ द्या,” एवढे म्हणाली. मला तिच्याकडे वर बघवले नाही.

खरे म्हणजे बोलावणे आले नसते तरी मी आलो असतो. कारण मागच्या महिन्यात शिवतेजचे उत्तर आले. ते अक्षता क्लासमध्ये नसताना मी एकट्याने वाचले. त्याने लिहिले होते, ‘तू असशील तर एकच सांग. त्या दिवशी मी औषध आणाय खाली निघालो, तवा जिन्यात मला हाक आल्यागत झालं. मी वळलो न्हाई. ती हाक तू मारलीस का?’ शिवतेज औषध घेऊन वर आला तोवर प्रबुद्ध गेलेला होता.

आजवर प्रत्येकाला उत्तर गेले. या मेलला मला उत्तर देता आले नाही. त्याला काय लिहावे ते माहीत होते, पण खाली प्रबुद्धचे नाव घालायला बोट उचलेना. इतके दिवस मी पाटी तेवढी सांभाळतो असे समजत होतो, आणि पोरगा गाडीत प्रबुद्धच बसलाय असे समजून त्याच्याशी बोलत होता. मी कॉम्प्युटर बंद करून स्टँडवर येऊन बसलो.

आज साहेबांनी शिवतेजला माझ्यासमोर बसवले. पोर वाळून गेले आहे. ओळी का काढल्या, असे त्याला विचारले. तो म्हणाला, “काका, मला काय त्याचं काम माझं म्हणून खपवायचं न्हवतं. रोज दुकानात फाईल उघडली की पयल्यांदा त्याचं नाव. हात चालंना माझा. म्हणून काढलं. पट्टी काढाय मन झालं न्हाई.” नाव दिसत नाही म्हणून मी तडफडलो आणि नाव दिसते म्हणून तो.

मग मी त्याच्या मेलचे उत्तर त्याला तोंडी दिले. ते साहेबांनी लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे. हाक प्रबुद्धनेच मारली होती. ‘शिवा’ म्हणून मारली. शिवतेज दाराबाहेर गेला होता. मी वाकून विचारले, काय रं, काय पायजे. तर म्हणाला, “त्यानं सकाळधरनं कायबी खाल्लं न्हाई. खालीच खाऊन ये म्हणावं.” मी दारापर्यंत गेलो, तोवर शिवतेज जिना उतरून गेला होता. त्यानंतर प्रबुद्ध बोलला नाही.

हे ऐकल्यावर हवालदारांनी शिवतेजला पाणी दिले. तो तांब्या हातात घेऊन तसाच बसला. मग म्हणाला, “आजच वळी घालतो काका.” साहेबांनी नक्की काय घालणार ते कागदावर लिहून दाखव म्हटले. त्याने चार ओळी लिहिल्या, सगळ्या बरोबर होत्या, फक्त नावाच्या आधी त्याने कै. असे लिहिले होते. त्यांच्याकडे पत्रिकेवर, भांड्यावर गेलेल्या माणसाचे नाव तसेच घालतात, तसे न घालणे त्याला अपमान वाटला असावा. मी ते खोडायला सांगितले. आमच्यात कै. लावत नाहीत, हे एक. दुसरे, आमच्यात कालकथित लावतात, तो शब्दही मला तिथे नको. अक्षर हलवू नये असे प्रबुद्धने लिहून ठेवले आहे, आणि ते लिहिताना तो जिता होता. शिवतेजने ते खोडले.

शिवतेजला आता माझ्याविरुद्ध तक्रार चालवायची नाही, तसे त्याने वेगळे लिहून दिले आहे. माझीही त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. यापुढे मी प्रबुद्धच्या नावाने कोणालाही मेल पाठवणार नाही, अशी समज मला देण्यात आली व ती मला मान्य आहे. लोक कळवीत राहतील, तेव्हा उत्तरे माझ्या नावाने जातील आणि प्रबुद्ध नाही हे त्यात लिहावे लागेल. ब्राझीलच्या मास्तरला पहिले लिहीन. तो त्याची तब्येत विचारीत असतो.

हा जबाब हवालदारांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो लिहिला आहे. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले की, मुलाच्या नावाआधी ‘मयत’ लिहायचे राहिले आहे, नियमाने लागते, घालू का. मी घाला म्हणालो. तुमच्या कागदात घाला. त्यांनी सुरुवातीला एका ठिकाणी घातले आणि सगळीकडे घालू का असे विचारले. मी म्हणालो, एकदा पुरे. बाकी जबाब बरोबर आहे, म्हणून सही करतो.

हिंदुराव केरबा सरतापे
सांगली, नोव्हेंबर १९९९