अंडी काळीची, बसली तांबडी

रविवारी कडूबाच्या घरी तांबड्या कोंबडीचा रस्सा झाला. सोमवारी मलकापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मात्र त्या रश्श्याचं कोणी नावही काढत नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या गंधारच्या कानावर सगळं पडत होतं.

“मी तर अंडे राखेनं पुसून ठेवले होते साहेब, तरी पिल्लं काऊन मेले?” कडूबाची बायको सरस्वतीबाई आत डॉक्टरांना विचारत होती.

“बाई, रोग आईच्या पोटातूनच येतो. कवच व्हायच्या आधीच अंड्यात शिरतो. म्हणून तर म्हटलं होतं, आईला कळपातून काढा. काढली?”

“हाव, काढली,” कडूबा म्हणाला.

“कोणती?”

“तांबडी. एकवीस दिवस तेच बसली होती.”

“अंडी तिचीच होती ना?”

“नाही जी, काळीचे. काळी खुडूक होऊन अंड्यावर बसतच नाही, मंग तांबडीखाली ठेवले.”

“मग आई काळी!”

“घ्या! उपाशी बसली तांबडी, अन् आई काळी?” सरस्वतीबाई म्हणाली.

“काळी तं ठणठणीत हाय, साहेब,” कडूबा म्हणाला.

“दिसते तशी. रोग तिच्यातच असणार. चांगल्या कोंबडीची अंडी उबवा.”

“शेजारनीकून बारा आणले ना. पण बसवू कोनाले?”

“तांबडीला! आणा तिला परत.”

कडूबानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे.

“बाबू, तुमच्यापाशी पेन हाय?” ती व्हरांड्यात येऊन गंधारला म्हणाली. “एक अर्ज लिहा.”

मग हळूच रविवारच्या रश्श्याचं सांगितलं. गंधारनं लिहिलं: “सदर तांबडीस चुकीने आई समजण्यात आले. तरी रविवारची कारवाई रद्द करून तिला पूर्ववत अंड्यांवर रुजू होण्याचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.”