तोंडातला पुदिन्याचा चहा

बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी मॅडमनं टी-बॅगांचा नवा डबा उघडला. चितेगावच्या कंपनीत मी हापिसातलं चहापाणी बघते. मॅडम म्हणाल्या, "संगीताताई, आधी तुम्ही चाखा. चहातलं तुम्हालाच कळतं."

पुदिन्याचा होता. घोट तोंडात घेतला आन आठवलं, पुदिन्यानं अंगावरचं दूध आटतं असं सासूबाई म्हणतात. माझी पोरगी पाच महिन्यांची, निव्वळ माझ्या दुधावर. घोट गिळवंना, समोर बसलेल्या साहेबांपुढं थुंकवंना. गाल फुगवून उभी राहिले.

साहेबांनी विचारलं, "कसा लागला?"

मी नुसती मान हलवली.

"म्हणजे चांगला का वाईट?"

शेवटी बेसिनकडं पळाले.

"एवढा वाईट असेल तर डबा परत करू," साहेब म्हणाले. मग मी रडकुंडीला येऊन खरं ते सांगितलं. मॅडमनं डबा फिरवून बारीक इंग्रजी वाचलं. पाजणाऱ्या बाईनं डॉक्टरला विचारूनच प्यावा, असं लिहिलेलं होतं.

"मी आधी वाचायला पाहिजे होतं, ताई," म्हणून त्यांनी स्वतः मला दुधाचा चहा करून दिला. लई पांचट होता, पण सगळा प्याले.

तुमच्या ओळखीत कुणी पाजणारी बाई कामाला जात असंल, तर तिला एवढं सांगा: शंका आली तर साहेबापुढं बी खुशाल थुंकावं.