लाल गाडीच्या सीटमधलं कुंकू

माझं माहेर पिंपळे गुरव आन् सासर हे रहाटणी, म्हंजी सासरी येताना मला नदीसुदीक वलांडावी लागली न्हाई. चीनची लढाई झाली त्या साली लगीन झालं. सासऱ्यांचं रान पिंपरीच्या अंगाला व्हतं, ते कंपनीत गेलं, जिथं भुईमूग निघायचा तिथं भोंगा वाजाया लागला, आन् आमच्या मालकांना कंपनीत घेतू म्हनले व्हते ते काय घेतलं न्हाई. मग मालक हायवेला एका उस्तादाच्या हाताखाली गाड्यांच्या सीटा भरायला शिकले, पुढं सवताचं दुकान टाकलं, दुकान म्हंजी काय, चार पत्रे आन् एक शिलाई मशीन. मला शिवन येत व्हतं. पोलक्यांवरनं मी रेक्झीनवर कवा गेले ते माझं मलाच कळलं न्हाई. गावातल्या बाया म्हनायच्या, काय गं, टरकांच्या सीटा शिवतीस, लाज न्हाई वाटत? म्हनलं, टरक बरा की, काखेत आवळतंय म्हनून परत तरी येत न्हाई.

आता ह्ये कुंकवाचं इचारलंत तुमी. काय सांगू तुमाला. माझा धाकटा दीर नामदेव, बावीस वर्षांचं पोरगं, टरकवर डायव्हर. मला वैनी म्हनायचा न्हाई, मास्तर म्हनायचा, कारन मी लई वरडायचे त्याच्यावर. त्याच्या टरकची सीट मीच शिवली व्हती. घाटात गेला त्यो. टरक वढून आनला तवा सीट जशीच्या तशी, एक टाका निघाला नव्हता, आन् पोरगं न्हाई. लई रडले मी, लई रडले. तवापासनं कुनाचीबी सीट असू दे, काथ्या भरून झाला की वरचं शिवायच्या आधी आत तरटावर चिमूटभर हळद-कुंकू टाकते, नाम्याचं नाव घेते आन् म्हनते, हितं बसंल त्यो घरला येऊ दे. मालक कवा नको म्हनले न्हाईत, पन सवता कवा टाकलंबी न्हाई, त्या येळेला उठून बाहेर जायचे बिडी वढायला.

तर त्यो मुंबईचा शेठ. जुन्या विलायती गाड्या गोळा करायचा, दोन सीटांच्या, बुटक्या, पळायच्या शर्यतीतल्या. पयल्यांदा आला तवा असल्या गाड्या संस्थानिकांच्या तबेल्यात सडत पडल्याल्या, भंगाराच्या भावात घेऊन यायचा. मालक हसायचे, कांद्याचं एक पोतं बसंना हिच्यात, कोन घेनार वो? पन भाव चढला. एक वरीस आला तर म्हनला, टरकच्या भावात गेली. पुढच्या वर्षी म्हनला, बंगल्याच्या भावात. असल्या गाड्या आता तिकडं कोन बनवत न्हाई म्हनं, आन् जिचं काईच बदललं न्हाई, जशी कारखान्यातनं निघाली तशीच हाय, तिला तर लोक येडी झाल्यात. म्हंजी बगा, सीट फाटकी असंल तर भाव जादा, मी नवी शिवली की भाव पडला. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आमी जलमभर फाटकं नवं करायचं काम केलं की वो.

एकदा शेठनं लाल गाडी आनली. सीटा उंदरांनी पार खाल्ल्याल्या. म्हनला, नवं चामडं घाला पन जुनं दिसू द्या, इंग्रज गिऱ्हाईक येनार हाय, त्याला मूळचंच वाटलं पायजे. त्याच येळी हायवे रुंद करनार म्हनून आमचं दुकान उठनार व्हतं. शेठ म्हनला, हे जमवा, काळेवाडीत पक्कं दुकान घेऊन देतो. पक्कं, म्हंजी स्लॅबचं. मालकांच्या डोळ्यांत पानी आलं, म्या बघितलं.

मग काय, केलं. चामड्याला चहाचं पानी पाजलं, उन्हात वाळवलं, दोरासुदीक जुना वापरला. शेठनं बजावलं व्हतं, ते तुमचं कुंकू-बिंकू न्हाई टाकायचं. मालकबी म्हनले, एवढी बार ऱ्हाऊ दे. मी व्हय म्हनलं. पन शेवटचा टाका घालायला बसले आन् हात उचलंना. म्हनलं, इंग्रज झाला म्हनून काय झालं, त्यालाबी कुनी वाट बघनारं असंलच की. टाकलं. कोन उघडून बघतंय?

त्या इंग्रजानंच बघितलं! म्हातारा गडी, दुकानात आला, गाडीखाली काय झोपला, सीट काढून उलटी काय केली, खालनं दोन टाके उसवून बोटं घातली, तर बोटं लाल-पिवळी. शेठचा चेहरा पांढराफटक. पन शेठ पट्टीचा, लगीच काईतरी बोलला, आन् म्हातारा एकदम खूश. त्याच्यासंगं पुन्याचा एक बाबू व्हता, त्याला इचारलं काय झालं, तर म्हनला, शेठ सांगत्यात की गाडी नवी आली तवा संस्थानच्या राणीसाहेबांनी पूजा करून हे आत घातलं, आता भाव आनखी वाढला.

काय सांगू तुमाला, माझ्या अंगाची आगआग झाली. खोटं चामडं मी पचवलं, म्या न्हाई म्हनत न्हाई. पन हे माझ्या नाम्याचं कुंकू. ते कुठल्या राणीच्या नावावर जानार? मालक माझ्याकडं बघून मान हलवत व्हते, नको, नको. म्या बाबूला सांगितलं, दादा, हे कुंकू मी टाकलंय, गेल्या बेस्तरवारी, पिंपरीच्या बाजारातलं हाय, आन् माझ्या मेलेल्या दिरासाठी हाय. सांगा त्यांना.

बाबूनं सांगितलं. गाडी घेतली म्हाताऱ्यानं, पन निम्म्या भावानं. जाताना उसवलेले टाके मलाच घालायला लावले, कुंकू आत तसंच ठेवून. शेठ परत फिरकला न्हाई. पक्कं दुकानबी गेलं, आन् हायवेचंबी उठलं.

मालक आठ दिस बोलले न्हाईत माझ्याशी. मशीन घरी गोठ्यात आनली. मग एका टेम्पोची सीट आली, ती भरून झाली तर मी गपचिप वरचं रेक्झीन वढाया लागले, म्हनलं आता ह्यांना आनखी राग नको. तर मालकांनी माझा हात धरला. म्हनले, अगं, नाम्याचं ऱ्हायलं की. आन् करंडा उघडून पयल्यांदा त्यांनी सवता चिमूट टाकली.

आता हितं गोठ्यातच चाललंय आमचं. पक्कं दुकान काय झालं न्हाई, वाईट वाटतं कवाकवा, खोटं कशाला बोलू. ती लाल गाडी कुठं हाय, तिचा भाव आता किती झाला, देव जाने, पन तिच्यात ज्यो बसत आसंल त्या मानसाचं बरं होऊ दे. आन् तुमच्या स्कूटरची सीट कडंला उसवलीया, मगाधरनं बघते मी. बसा, चहा घ्या, तवर टाका घालते. अवो, ऐकलं का, करंडा आना जरा.